नऊ नंबरच्या चपला

चपलांचा नंबर नऊ आहे हे वेदिकाला सरकारी अहवालातून कळलं. सुनावणीला अजून अर्धा तास होता. भाऊसाहेबांनी (त्या कार्यालयात टेबलामागच्या प्रत्येक पुरुषाला भाऊसाहेबच म्हणायचं असतं) अहवालाची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली आणि वाचून घ्या म्हणाले, मागाहून आत जाऊन आम्हाला काही दाखवलंच नाही म्हणायचं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती वाचायला लागली. मांडीला मांडी लावून तेजू बसली होती, शाळेच्या गणवेशातच, कारण तिचा दुसरा धुवट फ्रॉक ओला होता. ‘अर्जदार घरी आढळून आल्या नाहीत. दरवाजाबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड, तपकिरी, नंबर नऊ. गॅलरीतील दोरीवर पुरुषाचा एक शर्ट वाळत घातलेला. शेजारील महिलेने सांगितले की, अर्जदाराचे पती कामावर गेले आहेत. सबब अर्जदार परित्यक्ता नसून पतीसह एकत्र राहत असल्याचे दिसून येते.’ ती नऊवरच अडकली. म्हणजे तो माणूस खाली वाकला असणार. त्यानं चप्पल उलटी करून तळवा पाहिला असणार, बोटानं धूळ पुसून. अडीच वर्षं त्या चपला रोज उंबऱ्याशी लावताना तिला एकदाही तळवा बघावासा वाटला नव्हता. अमोलचा पाय सातचा. लग्नात त्याचे बूट तिच्याच भावानं आणले होते आणि ते सैल झाले म्हणून परत बदलून आणावे लागले होते, हे तिला आत्ता, ह्या बाकावर, उगाचच लख्ख आठवलं. सरकारच्या कागदावर तिच्या घरात जो पुरुष राहत होता, तो तिच्या नवऱ्यापेक्षा दोन नंबरांनी मोठा होता.

खोटं बोलायला कधी सुरुवात केली असं कुणी विचारलं असतं, तर तिला तारीख सांगता आली नसती. खोटं सुरू झालंच नव्हतं. खरं तेवढं संपलं होतं, आणि ते संपलं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अमोल एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे होता. पाळ्या बदलत्या. ठेका संपला तेव्हा महिनाभर तो घरात भिंतीकडे तोंड करून झोपला आणि मग एका सकाळी, चहात पोळी बुडवून खाता खाता, सुरतेला एक काम बघून येतो, आठ दिवस लागतील म्हणाला. पोळीचा शेवटचा तुकडा कपात पडला, तो त्यानं बोटानं काढून खाल्ला. एवढंच. भांडण नाही, दुसरी बाई नाही, निदान तिला ठाऊक तरी नाही. आठ दिवसांनी फोन लागेना. महिन्यानं त्याच्या मावसभावानं कळवलं की तो बरा आहे, शोधू नका म्हणतोय. शोधू नका! बरा आहे हे ऐकून तिला आधी हायसं वाटलं होतं, आणि त्या हायशाची लाज तिला अजून वाटत होती. त्या दिवसांत जिन्यात कुणी भेटलं, मालक दिसत नाहीत म्हणालं, की ती नेहमीसारखी ‘ड्यूटीवर’ म्हणायची. वर्षभर खरं असलेलं वाक्य. जीभ सवयीनं तिकडे वळायची, एवढंच.

पण जीभ पुरत नाही. जेल रोडची ती खोली गायधनींची, आणि गायधनी फॅमिलीशिवाय खोली देत नसत. फॅमिली म्हणजे काय, हे त्यांनी फोड करून सांगितलं नव्हतं. पण तळमजल्यावरची नर्स नवरा वारल्यानंतर तिसऱ्या महिन्यात सामान बांधताना वेदिकानं पाहिली होती. त्या बाईला कुणी जा म्हणालं नव्हतं. पाणी तिच्या नळाला तेवढं उशिरा यायला लागलं. रात्री दारावर टकटक व्हायची आणि उघडलं की कुणी नसायचं. तेव्हा एका बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर जुनं-पानं घेऊन बसणाऱ्याकडून वेदिकानं चपलांचा जोड उचलला. शर्ट बोहारणीकडून, निळ्या रेघांचा. शर्ट ती दर दोन दिवसांनी धुवायची. कुणी न घातलेला शर्ट. वापरून नाही, धुवून धुवूनच तो विटला. आणि अहवाल लिहिणाऱ्याला खरोखर डोळे असते तर त्यानं चपलेचा तळवा बघण्याऐवजी शर्टाची कॉलर बघितली असती. अडीच वर्षांत तिच्यावर घामाची एक रेघ नव्हती. पण पुरुषांना कॉलरीचं काय कळणार, ती तर बायकाच घासतात.

कधी कधी तिला वाटे, ह्या दुसऱ्या माणसाची तिला अमोलपेक्षा जास्त सवय झाली आहे. अमोलचा आवाज आठवायला आता तिला थोडं थांबावं लागे. हा मात्र रोजचा होता. वेळच्या वेळी दारात हजर, खाण्यापिण्याची तक्रार नाही, सुरतेला जात नाही. तो खरोखरचा असता तर असाच आडदांड, शांत, थोडा मंद असता असं तिनं ठरवूनही टाकलं होतं, आणि पोळ्या लाटताना आपण त्याच्याविषयी विचार करतो आहोत हे लक्षात आलं की तिला स्वतःची शिसारी यायची. चपला लोकांसाठी होत्या. पण लोकांत लेकही आली. तेजू साडेतीन वर्षांची होती तेव्हा विचारायची, पप्पा कुठंय. तू झोपल्यावर येतात आणि उठायच्या आधी जातात, वेदिकानं सांगून टाकलं. रविवारी? रविवारी ओव्हरटाइम. हळूहळू तिचं विचारणं थांबलं, आणि वेदिकाला वाटलं पोर विसरली. लहान मुलं विसरतात असं सगळेच म्हणतात.

अनुदानाचा अर्ज तिनं चोरासारखा केला होता. ती बी.कॉम. झालेली, कोर्टाजवळ एका टायपिंगच्या टपरीवर अर्धा दिवस बसायची. प्रतिज्ञापत्रं, जबाब, वारसांचे अर्ज, दिवसाला पंधरा-वीस कागद तिच्या बोटांखालून जायचे. एका बाईचा अर्ज टाइप करतानाच तिला समजलं की नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सरकारदरबारी नाव आहे, परित्यक्ता, आणि त्या नावाला महिन्याला दीड हजार मिळतात. तिनं स्वतःचा अर्ज टपरी बंद झाल्यावर टाइप केला. तो शब्द दोनदा चुकला. बोटांना तो पाठ होता, तरी चुकला. एकवीस महिने पैसे आले, आणि त्यात तेजूची शाळा, दूध, एकदा दोघींचा ताप, सगळं बसलं. मग गृहभेट झाली, मग नोटीस आली, की अपात्र असताना उचललेले एकतीस हजार पाचशे रुपये तीस दिवसांत भरावेत, अन्यथा पुढील कारवाई. ती नोटीस तिनं डाळीच्या डब्याखाली ठेवली आणि तीन दिवस डाळच केली नाही. तिच्याकडे तेव्हा अठराशे रुपये होते. हरसूलला वडिलांकडे मागायचे तर आधी जावई कुठे आहे ते सांगावं लागणार; वडील रंगनाथराव अजून दर दिवाळीला जावयाचा टॉवेल-टोपी पाठवत होते, आणि टोप्या ट्रंकेत एकात एक बसवून ठेवलेल्या होत्या. राहिलं अपील. नवरा घरात नाही हे तिला सिद्ध करायचं होतं, आणि तो आहे ह्याचा पुरावा अडीच वर्षं तिनंच स्वतःच्या हातानं जमवला होता.

शेजारील महिला म्हणजे यशोदाबाई. एकटी म्हातारी, तिचा लेक सुनेला घेऊन ओझरला असतो. तेजूला शाळेतून आणणं, दुपारी सांभाळणं तीच करायची. नोटीस आल्यावर वेदिका तिच्याकडे गेली, काही न सांगता नुसतं विचारावं म्हणून, की कुणी चौकशीला आलं होतं का. यशोदाबाई लसूण सोलत होती. आलता ना एक, म्हणाली, वह्या घिऊन. मीच बोलले त्याच्याशी. आणि मग मान वर न करता तिनं सांगितलं, “मला ठावं हाय गं पोरी, घरात कुनी नाय ते. भिंतीला भिंत हाय माझी. पहिल्या पावसाळ्यापून ठावं हाय. पर त्या बाप्यानं इचारलं, आन तुझी लाज म्हंजी माझी लाज. म्हनलं, हायेत की मालक, आत्ताच गेले ड्यूटीवर. लय चांगला मानूस म्हनलं.” वेदिका तिच्या समोर फरशीवर बसली. अडीच वर्षं ती ह्या बाईसाठी दोरीवर शर्ट टाकत होती, आणि ही बाई अडीच वर्षं तिच्यासाठी तो शर्ट बघत होती. रडावं की हसावं कळेना म्हणतात तसं झालं नाही. तिला राग आला, थेट, तोंडात कडू पाणी यावं तसा. चांगला माणूस म्हणे. तेवढं तरी म्हणायचं नव्हतं. तिनं विनवलं, तुम्ही येऊन साहेबांपुढे खरं सांगा, मी रिक्षानं नेते-आणते. यशोदाबाईनं लसणाची सालं गोळा केली. मग म्हणाली, सरकारी मानसापुढं बोललेलं फिरवू कशी, उद्या गायधन्याच्या कानी गेलं तर तू बी बाहेर आन तुला झाकली म्हनून मी बी. आज सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. बहिणीकडे गेली म्हणे, बाजाराच्या निमित्तानं, न सांगता. म्हणून तेजू बरोबर होती. म्हणून हे सगळं पुढे तसं झालं.

पुकारा झाला. गांगुर्डे, वेदिका अमोल. नवऱ्याचं नाव मध्ये घेऊनच तिला आत जावं लागलं. खोलीत बायकांची गर्दी असेल असं तिला वाटलं होतं, पण सुनावणी घेणाऱ्या मॅडम एकट्याच होत्या, बाजूला भाऊसाहेब, आणि दाराशी पुढच्या नंबरची चार-पाच माणसं भिंतीला टेकून, आतलं ऐकत. कागदांना कोंदट वास होता, दमट, गव्हाच्या जुन्या पोत्यासारखा. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं, अहवालावर पेन ठेवून शांतपणे विचारलं की ह्यावर आपलं म्हणणं काय. वेदिकानं ठरवून आणलेलं सगळं म्हणणं चालत्या पंख्याखाली एकदम पोकळ वाटायला लागलं. चपला मीच ठेवते, ती म्हणाली. शर्टही माझाच, म्हणजे मीच आणलेला. का, मॅडमनी विचारलं. बाईमाणूस एकटं राहतं म्हणून, तिनं खालच्या आवाजात सांगितलं, आणि तेजूकडे पाहिलं. तेजू टेबलावरचा रबरी शिक्का न्याहाळत होती. भाऊसाहेब हसले, अगदी दुष्टपणानं नव्हे. म्हणाले, मॅडम, आता सगळ्याच असं सांगायला लागल्यात, मागच्या महिन्यात एकीनं तर दाढीचं सामानसुद्धा दाखवायला ठेवलेलं म्हणून सांगितलं. भिंतीशी कुणीतरी खुसखुसलं. त्या न पाहिलेल्या बाईचा वेदिकाला हेवा वाटला. दाढीचं सामान आपल्याला सुचलं नव्हतं. आणि मग, ज्या मऊ आवाजात मोठी माणसं मुलांना विचारतात त्या आवाजात मॅडम तेजूकडे वळल्या. बाळा, नाव काय तुझं, कितवीत आहेस. तेजस्विनी अमोल गांगुर्डे, पहिली अ. आणि पप्पा कुठं असतात तुझे?

वेदिकाला वाटलं मूल गप्प राहील. विसरलंय ते.

“पप्पा रोज येतात,” तेजू म्हणाली. “मी झोपल्यावर. माझं पांघरूण निघालं तर घालतात. मग मी उठायच्या आत जातात. मी एकदा झोपल्याचं नाटक केलं होतं, तेव्हा मला त्यांचा पाय दिसला. मोठ्ठा होता.”

मॅडमनी पेन उचललं नाही. नुसतं वेदिकाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आरोपापेक्षा दया जास्त होती, म्हणून ती जास्त लागली. लहान मुलं खोटं बोलत नाहीत हो, त्या हळूच म्हणाल्या. पांघरूण तीच घालायची, रात्री दोनदा उठून. पण पाय? पोरीनं काय पाहिलं, की चपला पाहून तेवढ्या मापाचा माणूस अंधारात स्वतःच तयार केला, तिच्यासारखाच? दोघी एका खोलीत, एका गादीवर, आणि दोघींनी आपापला एक माणूस घडवला होता. तिला आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं, तो येत नाही. तीन शब्द. पण ते तेजूच्या समोर, तेजूला खोटं पाडून, ह्या भिंतीला टेकलेल्या माणसांच्या देखत. नाही बोलली तर एकतीस हजार, आणि ते नाही भरले तर जप्तीचा माणूस जेल रोडला येणार, गायधनींच्या दारातून. हे सगळं तिला एकदम दिसलं. आणि त्याच क्षणी तिला वाट सुचली, तिच्या धंद्यातली. ती म्हणाली, “मॅडम, मी लेखी देते. बोलत नाही, लिहून देते.” तेजूला अजून जोडाक्षरं येत नव्हती. मॅडमना ते समजलं असावं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

तिनं लिहिलं. टाइप करायची सवय, त्यामुळे हाताचं अक्षर परक्यासारखं येत होतं, पण मजकूर भराभर उतरला, शेकडो बायकांसाठी तिनं जो उतरवला होता तोच. माझे पती दिनांक अमुकपासून माझ्यासोबत राहत नाहीत. त्यांचा ठावठिकाणा मला माहीत नाही. ते मला अगर मुलीला भेटण्यास कधीही आलेले नाहीत. माझी मुलगी अज्ञान असून, तिचा गैरसमज होऊ नये म्हणून मी तिला वडील येतात असे खोटे सांगितलेले आहे. ‘कधीही’ हा शब्द लिहिताना पेन थांबलं नाही, हे तिला नंतर आठवून आठवून छळणार होतं. सुख वाटलं होतं तिला. खरं कागदावर घालताना, घट्ट झालेली अंगठी साबणानं निघावी तसं सुख. शेवटी बोटांच्या सवयीनं तिनं नेहमीची ओळ लिहिली, वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, खाली सही केली आणि कागद पुढे केला. ही ओळ तिनं हजार वेळा तरी टाइप केली असेल. टपरीवर ती नुसती ओळ असते. बायका सही करतात, अंगठा देतात, निघून जातात. कुणी कुणाला काही वाचून दाखवत नाही.

भाऊसाहेबांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि उभे राहिले. नियम म्हणजे नियम. “मी, वेदिका अमोल गांगुर्डे, वय वर्षे अठ्ठावीस,” त्यांनी सुरू केलं, शाळेत धडा वाचावा तसं, भिंतीशी उभ्या माणसालाही ऐकू जाईल असं. वेदिका ‘भाऊसाहेब’ म्हणाली. बहुधा म्हणालीच नाही, ओठ हलले. मॅडम दुसऱ्या फाइलकडे वळल्या होत्या. माझे पती राहत नाहीत. ठावठिकाणा माहीत नाही. अगर मुलीला भेटण्यास. इथं त्यांना अक्षर लागेना म्हणून ते थांबले, कागद उजेडाकडे धरला आणि पुन्हा मागच्या शब्दापासून वाचलं, कधीही आलेले नाहीत. कागदावरचं अज्ञान म्हणजे वयानं लहान, हे तेजूला माहीत नसेल, वेदिकानं स्वतःला सांगितलं. गैरसमज माहीत नसेल. पण खोटे हा शब्द पहिलीतल्या मुलांना माहीत असतो. तेजूनं शिक्क्यावरचं बोट काढून घेतलं होतं. ती भाऊसाहेबांकडे बघत नव्हती, आईकडेही नाही; टेबलाच्या कडेकडे बघत होती, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, वर्गात बाईंनी उभं केल्यावर होतात तशा.

“बरोबर आहे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

वेदिका काहीतरी बोलली.

“जोरात. मॅडमना ऐकू जायला पाहिजे.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

मॅडमनी तिथल्या तिथे शेरा मारला. वसुली रद्द. चेहरा सैल सोडून त्या म्हणाल्या, बघा, झालं की नाही काम, उगाच घाबरत होता. पुढचं अनुदान मात्र फेरगृहभेटीनंतर सुरू होईल, पंधरवड्यात माणूस येईल, आणि तेव्हा त्या चपला-बिपला नकोत हां दारात. आम्हालाही वरती उत्तरं द्यावी लागतात. वेदिकानं हात जोडले. जिंकल्यावर हात जोडायचे असतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते जोडले गेले.

नाशिकरोडपर्यंत त्या शेअर रिक्षानं आल्या. वेदिकानं तिला उसाचा रस घेऊ का विचारलं, तेजूनं मान हलवली, नको. वेदिका मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती, की ते कागदावरचं वेगळं असतं, कागदावर तसं लिहावंच लागतं. प्रत्येक वाक्य तयार झालं की तिला ते ऐकू यायचं, आणि ऐकू आलं की ते आधीच्या वाक्यांसारखंच असायचं. अडीच वर्षं जी तयार करत होती त्याच मापाचं. पोरीनं रडावं, निदान चिडावं, असं तिला फार वाटत होतं. तेजू बाहेर बघत होती. सिग्नलला एका ट्रकच्या मागचं ती अक्षर अक्षर लावून वाचायचा प्रयत्न करत होती, ओठ हलवून, जोडाक्षर आलं की तिथंच अडून पुन्हा पहिल्यापासून.

इमारतीच्या पायऱ्यांवर गायधनी उभे होते. पाण्याच्या मोटारीचं झाकण काढून कुणालातरी शिव्या घालत होते. ह्यांना बघून थांबले. आज शाळा नाही वाटतं, म्हणाले. दवाखान्यात गेलो होतो, वेदिका म्हणाली. तिनं पाऊल उचललं तोच ते म्हणाले, “ताई, यजमानांना एकदा भेटायचं होतं. वर्ष झालं, माणूस दृष्टीला पडत नाही. ह्या रविवारी असतील ना घरी? का मीच येऊ रात्री उशिरा?” ते हसत होते. नर्सशीही ते हसूनच बोलायचे. ‘ड्यूटीवर’ हा शब्द, अडीच वर्षं आपणहून येणारा, आता येईना. तासाभरापूर्वी तिनं जोरात बरोबर आहे म्हटलं होतं आणि तिच्या हाताला धरून ते ऐकणारं उभं होतं.

“पप्पांची बदली झाली, काका,” तेजू म्हणाली. “घोटीला. आता ते महिन्यातून एकदाच येणार. सामान पण नेलं त्यांनी.”

बदली हा शब्द तिनं कुठून उचलला, हे वेदिकाला त्याच क्षणी समजलं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई गेल्या महिन्यात घोटीला गेल्या होत्या. पण बाकीचं कुठून आणलं? आवाज स्वच्छ होता. नजर गायधनींच्या डोळ्यांत, एकदाही न हलणारी. असं का, गायधनी म्हणाले, नोकरी म्हटली की चालायचंच, आणि त्यांनी तेजूच्या गालाला हात लावला, हुशार आहे हो पोरगी. ते मोटारीकडे वळले. वेदिका तरी हलली नाही. तिच्या तोंडातून काहीतरी निघणार होतं, काय ते तिला माहीत नव्हतं, कदाचित नुसता हुंदका. आणि तेवढ्यात तेजूनं तिचा हात दाबला. दोनदा, घट्ट, वर न बघता. मोठी माणसं चारचौघांत लहान मुलांचा दाबतात तसा, गप्प राहा म्हणून.